सूनमुख

गणपतराव कुठलीही गोष्ट पदरचं तिखटमीठ लावल्याशिवाय सांगत नाहीत. ही मात्र ते ऐकली तशीच सांगतात. सक्करदऱ्याच्या एका दवाखान्यात ते गुडघा दाखवायला बसले होते आणि पुढच्या बाकावर दोन विहिणी. नवी नवरी गुंजन आत ऑक्सिजनवर होती.

“विहीणबाई, कोरोना तर आमच्या घरी साऱ्यायले झाला. थोडं खोकलो, झालं! तुमचीच पोरगी अशी काचेची काहून?” मुलाची आई विचारत होती.

“तुमच्या घरी? कधी जी?”

“मले हळदीलेच ताप होता. मांडव टाकलेला, उमरेडचे पाहुणे बसमध्ये बसलेले. गोळी घेतली न् गप्प राह्यली.”

“अन् तशाच सूनमुख पाहाले बसल्या? गालाले गाल लावून?”

“मग आरशात का मास्क पाहू? माह्या हातानं साखरबी भरवली. तरण्या पोरीले काय होते म्हटलं!”

“तिले सिकलसेल आहे जी.”

“काय?”

“जन्माचंच. तिचं रक्त साधा तापबी सहन करत नाही. कोरोनापासून जपा, असं आमच्या डॉक्टरनं बजावलं होतं.”

“अन् आमाले सांगतलं नाही?”

“सांगतलं असतं, तर केली असती सून?”

“ते राहू द्या! इथल्या डॉक्टरले तरी सांगतलं ना?”

“कसं सांगू? सकाळपासून तुम्ही बाजूलेच उभ्या होत्या ना.”

मुलाच्या आईनं तिचं मनगट धरलं.

“उठा! उठा आधी! दोघी सांगू.”