डावा कान

कानाच्या डॉक्टरांकडे त्या दिवशी एका कारखान्यातल्या सगळ्यांची तपासणी होती. माझ्या पुढच्या बाकावर पिकल्या केसांचा लेथवाला आणि त्याची तरुण सुपरवायझर बसली होती.

“काका, मी बोलायला आले की तुम्ही तोंड फिरवायचात. म्हणून मी मेसेज पाठवायला लागले.”

“मला वाटलं, मॅडमना म्हाताऱ्याशी बोलायचाही कंटाळा. राजीनामाच लिहून ठेवला.”

“मग तोंड का फिरवायचात?”

“उजवा कान गेलाय. तुमच्यासाठी डावा पुढे करायचो.”

“तीन महिने मी घरी जाऊन रडतेय, काका. आधी सांगायचं नाही?”

“बहिऱ्याला लेथवर कोण ठेवतं?”

“मी ठेवते. राजीनामा कुठंय?”

“खिशात.”

“द्या इकडे.”

कागद फाटल्याचा आवाज आला. मग ती उठली आणि त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसली.