एवढं एक वाक्य

विद्यापीठात लिफ्टच्या रांगेत शाळेतली एक शिक्षिका उभी होती. पीएचडीचा नवा अभ्यासक्रम कधी सुरू होणार, एवढंच तिला विचारायचं होतं. तिच्या पुढे विभागप्रमुख बाई आणि ग्रंथपाल बोलत होते.

"जर्नल्स पुरेशी आहेत, एवढं एक वाक्य लिहून द्या की हो."

"कुठे पुरेशी आहेत, मॅडम? निम्म्यांतल्या लेखांचा नुसता सारांश उघडतो."

"अभ्यासक्रमाला मंजुरी मिळाली की घेतील."

"मागे दुसऱ्या एका विभागालाही असंच लिहून दिलं. ती मुलं अजून एकेका लेखासाठी दारोदार फिरतात."

"यंदा नाही झालं तर तो सुरू व्हायच्या आत मी निवृत्त होईन."

"माहीत आहे, मॅडम."

"बरं. नाहीत असंच लिहा. पण चांगलं झणझणीत लिहा, म्हणजे वरच्यांना घ्यावीच लागतील."

लिफ्ट आली.

"तुम्हाला कुठे जायचंय?" बाईंनी मागे वळून विचारलं.

"तुमच्याकडेच येत होते," शिक्षिका म्हणाली. "आता पुढच्या वर्षी येते."