शोभाचा अठरा, माझा चोवीस

अगं, शेजारच्या शोभाने पाच लाखांचा मेडिक्लेम काढला आणि अख्ख्या चाळीत मिरवत सुटली, "वर्षाला अठरा हजार भरते!" माझा जळफळाट झाला. चौथी शिकलेय, पण भागाकार येतो. तिला रोजचे पन्नास पडत होते. आमच्या ह्यांचं टपरीवरचं चहा-सिगारेट सत्तरचं! ते बंद केलं आणि तिच्याच एजंटला बोलावलं. तेवढ्याच विम्याचे तो चोवीस हजार म्हणाला. भिशी लागली होती, त्यातून भरले आणि गॅलरीत जाऊन ओरडले, "शोभे, माझा चोवीसचा आहे!"

ती गोड हसली. "वय जास्त तर हप्ता जास्त, असं एजंटच म्हणाला. आणि तू तर सगळ्यांना सांगतेस, आपण एका वयाच्या!"

मेली, अख्खी चाळ ऐकत होती.