मागचा फोटो

नवऱ्याचा फोटो फ्रेम करायला आलेल्या मास्तरीणबाई बाकावर बसून ऐकत होत्या. त्यांच्या आधी पक्षाचं कार्यालय सांभाळणाऱ्या काकांचा नंबर होता; ते फ्रेमवाल्याला सांगत होते.

“फ्रेम हीच राहू दे. साहेब काढ, नवे बसव.”

“एवढ्यात?”

“संसदेतल्या निम्म्या जागा गेल्या, सरकार गेलं. काल साहेबांनी अध्यक्षपद सोडलं. नवे यायच्या आत भिंतीवर हवेत.”

“खिळे काढतो, थांबा... काका, मागं बघा कोण!”

“अरे, हे तर थोरले साहेब!”

“मागच्या वेळी हरल्यावर मीच सरकवले मागं. फोटो काचेला घट्ट बसायला टेकू लागतो.”

“मग ह्यांनाही सरकव.”

“मागं दोघं मावत नाहीत. कुणाला ठेवू?”

“थोरल्यांना.”

“ते तर केव्हाच वारले!”

“कार्यालयाचा जिना चढता चढता विचारायचे, गुडघा कसा आहे म्हणून. ह्यांनी दहा वर्षांत माझं नाव विचारलं नाही.”

“आणि नवे कसे आहेत?”

“ते अजून जिना चढलेले नाहीत.”

पुढं नवे, मागं थोरले बसले आणि खिळे पुन्हा ठोकले गेले. काका फ्रेम काखेत धरून, कठड्याला धरत दुकानाच्या पायऱ्या उतरले.

“हं, बाई, तुमचं?”

बाईंनी नवऱ्याचा फोटो रुमालानं पुसला.

“नवी फ्रेम द्या. आणि मागं कोरा पुठ्ठा घाला.”