शिंकेचा हुकूम

अरे, आमच्या भास्करकाकांचं ऐका. अमेरिकेत नेपरव्हिलला येऊन चाळीस वर्षं झाली, पण जीव अजून खानदेशातल्या गावात. गाव राजपूत राजाचं, मिरचीच्या बाजाराचं. रविवारी मी चहाला गेलो, तर नातीला सांगत होते, "हंगामात अख्खं गाव शिंकायचं. राजासुद्धा! शेवटी त्यानं हुकूमच काढला, मिरचीच्या दिवसांत शिंकेला अपशकुन मानायचं नाही."

नात म्हणाली, "नो वे, आजोबा!"

झालं! काकांनी तापल्या तव्यावर मूठभर मिरच्या टाकल्या. धुराचा अलार्म केकाटला, आम्ही सगळे शिंकून बेजार. बाहेर बर्फ, तरी सून खिडकी उघडायला धावली.

काका डोळे पुसत म्हणाले, "थांब गं, उघडू नकोस. आत्ता कुठे गाव आलंय."