माकडाची शीळ

— नाही, ते नाही. ते खाली ठेवा, साहेब. फळीवरचं दुसरं काहीही उचला, सगळी भांडी मीच घडवलेली आहेत, जुन्या साच्यांत, भट्टीत धूर कोंडून काळी केलेली — पण ते एक विकायचं नाही. हो, ते खरं जुनं आहे, म्हणूनच. नजर आहे तुम्हाला. दोन पोटांचं भांडं, मधे नळी, एका पोटावर माकड बसलंय, शिट्टी त्याच्या डोक्यात आहे. अर्धं पाणी भरायचं न् इकडे-तिकडे कलंडायचं, की पाणी हवेला रेटतं आणि माकड शीळ घालतं — थांबून थांबून, अगदी माणसासारखी. कोरडं असलं की मुकं. तोंड लावून फुंकलंत तर वाजेल, पण तोंड कोण लावतंय — मेलेल्याचं उष्टं ते. नाही, वाजवून नाही दाखवणार. पलीकडे माझी बहीण राहते, दोमितिला, मधे नुसता पडदा आहे. शीळ ऐकली की हातातलं टाकून दारात येते. सहा वर्षं झाली तरी येते. विचारत काही नाही, उभी राहते न् जाते. त्यापेक्षा विचारलेलं परवडलं असतं.

निकानोर, तिचा नवरा. आम्ही दोघं मिळून टेकडीतली जुनी थडगी खणायचो — तुम्ही पोलिसांपैकी नाही ना? नाही, बूट तसे नाहीत तुमचे. गुड फ्रायडेलाच खणायचं. त्या दिवशी देव मेलेला असतो, राखणीला कुणी नसतं, टेकडीतली जुनी माणसं आपली चीजवस्तू घेऊन आपण होऊन वर सरकतात — सगळेच मानतात इथं, पाद्रीसुद्धा मानतो, बोलत नाही एवढंच. त्या सकाळी वाटेत गाढव बुजलं न् पाण्याची कळशी पडून फुटली. अपशकुन तिथंच झाला होता. मी म्हटलं, परत फिरू या. तो हसला, म्हणाला, तुला कंबर सांभाळायचं निमित्त हवं. टेकडीला मान दिला आम्ही — चघळायची कोकाची पानं ठेवली, सिगरेट पेटवून वाळूत खोचली, उसाची दारू ओतली. सगळी ओत, हात आखडू नकोस, म्हणाला. मी बाटली उपडी केली, थेंब ठेवला नाही. दुपारपर्यंत जीभ टाळूला चिकटली होती माझी. वारासुद्धा नव्हता, एरवी समुद्रावरनं येतो तो.

तो खाली उतरला, दोर माझ्या हातात. एक लांब शीळ म्हणजे टोपली ओढ. तुटक तुटक शीळ म्हणजे मला ओढ. आणि रीत अशी, की पहिली निघालेली वस्तू उतरणाऱ्याची, त्यात वाद नाही. लांब शीळ आली, टोपली ओढली, न् टोपलीत हे. चीरसुद्धा नाही कुठं. शर्टानं पुसलं, मांडीवर घेऊन बसलो. खरं तर त्या वर्षी उतरायची पाळी माझी होती, कंबर धरली म्हणून तो उतरला. म्हणजे रीतीनं पाहिलं तर ते — जाऊ दे. इकडे कलंडवत होतो, तिकडे कलंडवत होतो, तेवढ्यात शीळ आली. तुटक तुटक. मी म्हटलं, अरे वा, माकड बोलायला लागलं. हसलोसुद्धा. पुन्हा आली, पुन्हा आली. किती वेळ? कोण जाणे, मी भांड्याकडेच बघत होतो. मग थांबली. मान वर केली तर दोर सैल पडलेला, न् खड्ड्याच्या जागी वाळू खचून वाटीएवढा खळगा. हातांनी उपसलं हो मी, नखं गेली. तिसऱ्या दिवशी सापडला, ईस्टरला, चर्चच्या घंटा वाजत होत्या तेव्हा. तोंडात वाळू गच्च होती.

शपथेवर सांगतो, हेच मी दोमितिलाला सांगितलं — भांडं वाजत होतं गं, मला काय कळणार. तिनं मानलं. महिनाभर जेवली नाही नीट, पण मानलं. तेव्हापासून तिची चूल माझ्या भट्टीवर पेटते, तिच्या पोरीच्या लग्नात बापाच्या जागी मीच उभा राहिलो. रोज संध्याकाळी मक्याची दारू आणून ठेवते माझ्यापुढं, आधी स्वतः घोट घेते, मग मला देते. मला दुसरं आहे कोण, साहेब? तिनं पाठ फिरवली तर मरताना माझ्या तोंडात पाणी —

असं का बघताय? भांड्यात काय बघताय वाकून? रिकामं आहे ते. तेव्हाही — ठेवा खाली. ठेवा म्हटलं ना.

कोण आहे? दोमितिला? कधीची उभी आहेस पडद्यामागं? ये की आत. हे साहेब निघालेच होते. या साहेब तुम्ही, आज काही विकायचं नाही, दार ओढून घ्या जाताना. — हं, बोल. नीट बोल, ऐकू येत नाही मला. पाणी? त्या दिवशी भांड्यात कसलं पाणी, दोमितिला?