सोनालीचं पहिलं वाक्य

साहेबांशी मी का भांडले, ते आधी ऐका. निरवांगीजवळच्या एका वस्तीशाळेत माझ्याकडं दुसरीचा वर्ग आहे. मुलं घरच्या बोलीत एक वाक्य लिहून आणतात, मी ते भिंतीवर चिकटवते आणि आठवडाभरानं त्याखाली पुस्तकातलं रूप आम्ही मिळून लिहितो. सोनाली वर्षभर नुसतं फळ्यावरचं उतरवून घ्यायची. त्या दिवशी तिनं स्वतःचं पहिलं वाक्य आणलं, ‘माजी आय रानात हाय.’

तेवढ्यात तपासणीला साहेब आले. त्यांनी टेबलावरचं माझंच लाल पेन उचललं आणि तिच्यादेखत त्या वाक्यावर फुली मारली.

“मॅडम, असलं अशुद्ध शिकवता?”

सोनालीनं मान खाली घातली. माझं डोकंच फिरलं.

“साहेब, पेन द्या इकडं. पोरगी आज पहिल्यांदा मनानं लिहितेय.”

“मी शेरा लिहीन तुमच्यावर.”

“खुशाल लिहा. पण तिच्या कागदाला हात लावायचा नाही.”

त्यांनी खरंच लिहिलं, ‘शिक्षिका उद्धट आहेत.’

मला वाटलं, ही आता परत काही लिहायची नाही. दुसऱ्या दिवशी तिनं गुपचूप माझ्या हातात कागद दिला. ‘सायब लई वंगाळ हाय.’

मी तो तसाच भिंतीवर चिकटवला.